लेट, अलाऊ, परमिट आणि आपलं 'जाऊ दे'

प्रश्न असा आलाय की लेट, अलाऊ आणि परमिट या तिघांचा डिक्शनरीत अर्थ एकच, परवानगी देणे, मग कुठं कुठलं वापरायचं, मधे तो 'टू' कधी लावायचा कधी नाही, आणि ऑफिसच्या मेलमधे लेट लिहिलं तर ते फार घरगुती वाटतं का. मी बरीच वर्षं नोकरी करणाऱ्या लोकांना इंग्रजी शिकवते, आयटीवाले, बँकवाले, नर्सेस, परदेशी निघालेले, सगळे, आणि हा प्रश्न दर बॅचला कुणीतरी विचारतंच, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे अर्थावरून फरक शोधत बसू नका, हाती फार काही लागत नाही. अर्थ जवळजवळ सारखाच आहे. फरक आहे तो त्या शब्दाच्या मागे वाक्य कसं जोडायचं यात, आणि शब्द किती सरकारी वाटतो यात. आपली गडबड होते कारण मराठीत हे सगळं काम एकट्या 'ऊ दे' वर चालतं. मला जाऊ दे, त्याला बोलू द्या, पोरांना खेळू देत, दूध उतू जाऊ दिलं, एवढा पाऊस जाऊ दे मग निघू, आणि वैतागून म्हणतो ते 'जाऊ दे ना'. यातल्या निम्म्या ठिकाणी कोणी परवानगी मागितलेली नाही की दिलेली नाही. शिवाय मराठीत आपण बिनधास्त म्हणतो 'मला आत जाऊ दिलं नाही'. कोणी? वॉचमननं, आयोजकांनी, पोलिसांनी, कोणीतरी. मराठीला त्याची फिकीर नाही, वाक्य पूर्ण आहे. इंग्रजीला मात्र ती पहिली जागा रिकामी चालत नाही. एकतर तिथं अडवणाऱ्याला बसवा किंवा ज्याला अडवलं त्याला. हे एकदा डोक्यात बसलं ना की अर्ध्या चुका आपोआप जातात, कारण अडवणारा पुढे असेल तर लेट चालतं आणि अडवलेला पुढे असेल तर लेट जवळजवळ चालतच नाही, तिथं अलाऊड लागतं.

म्हणजे कसं ते बघा. 'द वॉचमन डिडन्ट लेट मी इन', इथं वॉचमन पुढे आहे, लेट बरोबर बसलं. वॉचमनचं नाव घ्यायचं नसेल तर 'आय वॉजन्ट अलाऊड इन'. आता तुम्ही म्हणाल की मग 'आय वॉज नॉट लेट टू गो इनसाइड' का नाही. नाही, लेटचं असं वाक्य होतच नाही. मला आत जाऊ दिलं नाही, मला बोलू दिलं नाही, मला परीक्षेला बसू दिलं नाही, ही सगळी मराठी वाक्यं इंग्रजीत नेताना हात आपोआप 'वॉजन्ट अलाऊड टू' कडे गेला पाहिजे. आय वॉजन्ट अलाऊड टू स्पीक. आय वॉजन्ट अलाऊड टू सिट फॉर द एक्झाम.

आणि इथं एक खड्डा आहे जो मुलाखतीत महागात पडतो. 'आय वॉज लेट गो' असं वाक्य इंग्रजीत आहे, पण त्याचा अर्थ 'मला जाऊ दिलं' नाही, 'मला नोकरीवरून काढलं' असा आहे, तेही सौम्य भाषेत. कंपन्या लेऑफ करतात तेव्हा हेच शब्द वापरतात, वी हॅव हॅड टू लेट सम पीपल गो. त्यामुळे आधीच्या कंपनीत शुक्रवारी लवकर सोडायचे हे सांगायला कोणी 'ऑन फ्रायडेज आय वॉज लेट गो अर्ली' म्हणालं तर समोरचा एचआर भुवया उंचावणार, दर शुक्रवारी काढायचे की काय याला. तिथं 'वी वर अलाऊड टू लीव्ह अर्ली ऑन फ्रायडेज' म्हणा. लेटचं पॅसिव्ह, म्हणजे ज्याला सोडलं किंवा अडवलं तो पुढे असलेलं वाक्य, अगदीच होत नाही असं नाही, पुढे इन, आउट, ऑफ असे छोटे शब्द असले की होतं, जसं सिग्नल तोडला पण पोलिसानं नुसता दम देऊन सोडलं तर 'आय वॉज लेट ऑफ विथ अ वॉर्निंग'. पण हे अपवाद म्हणून लक्षात ठेवा, सवय म्हणून नको.

'सोडणे' वरून आठवलं. मराठीत आपण 'बॉसनी लवकर सोडलं नाही', 'आत सोडलं नाही' असंही म्हणतो, आणि मग सोडणे म्हणजे लीव्ह हे शाळेत पाठ झालेलं असतं म्हणून वाक्य येतं 'माय बॉस डिड नॉट लीव्ह मी अर्ली'. असं ऐकणाऱ्याला वाटतं बॉस तुम्हाला टाकून कुठं निघून जायला तयार नव्हते. परवानगीचं सोडणं असेल तर लेट, जागा किंवा माणूस मागे ठेवून जाणं असेल तर लीव्ह. माय बॉस डिडन्ट लेट मी लीव्ह अर्ली, यात दोन्ही आपापल्या जागी आहेत.

आता टू चं. लेटच्या मागे माणूस आणि लगेच साधं क्रियापद, टू नाही. लेट मी गो, लेट हिम स्पीक, शी लेट्स हर किड्स प्ले आउटसाइड. 'लेट मी टू गो' ही चूक मी रोज ऐकते आणि ती का होते तेही कळतं, कारण बाकीचे सगळे शेजारी टू घेतात, आस्क मी टू, टेल मी टू, वॉन्ट मी टू, अलाऊ मी टू, परमिट मी टू. लेटचा भाऊ म्हणजे मेक, तोही टू घेत नाही, ही मेड मी वेट. शिकवताना मी या दोघांना जोडीनंच देते, मेक म्हणजे करायला लावलं, लेट म्हणजे करू दिलं, दोन्ही बिनटूचे. मेकची गंमत अशी की पॅसिव्हमधे त्याला टू परत येऊन चिकटतो, आय वॉज मेड टू वेट. पण तो वेगळा विषय.

लेटचा भूतकाळ लेटच, तिसरं रूपही लेटच. लेटेड असा शब्द नाही. त्यामुळे 'माय फादर लेट मी गो' आणि 'माय फादर लेट्स मी गो' यातला फरक फक्त त्या एका स चा आहे, पहिल्यात काल जाऊ दिलं, दुसऱ्यात नेहमी जाऊ देतात. बोलताना तो स गिळला की काळच बदलतो. आणि लिहिताना लेट्समधे अ‍ॅपॉस्ट्रॉफी कधी टाकायचा? चला या अर्थी 'लेट्स गो' असेल तरच, कारण ते मुळात लेट अस आहे. बाबा जाऊ देतात या लेट्समधे अ‍ॅपॉस्ट्रॉफी नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी बघत नाही, सीव्हीत आणि प्रेझेंटेशनमधे बघतात.

अजून एक, आपण देवनागरीत लेट लिहितो तेव्हा उशीर झाला तो लेट आणि जाऊ दे तो लेट सारखेच दिसतात, आणि मग उच्चारही सारखाच होतो. परवानगीच्या लेटमधला ए आखूड आहे, पटकन म्हणून टाकायचा, लिहायच्या पेनमधे किंवा लाल रंगाच्या रेडमधे असतो तसा. उशिराचा लेट ओढून, शेवटी किंचित ई कडे झुकवत. 'प्लीज लेट मी नो' हे ओढून म्हटलं की फोनवरच्या माणसाला दोनदा विचारावं लागतं.

अलाऊ कडे येऊ. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण तुमच्या खिशात आहे. नवं अ‍ॅप टाकलं की अँड्रॉइड विचारतो, अलाऊ मॅप्स टू अ‍ॅक्सेस धिस डिव्हाइसेस लोकेशन? आणि खाली पर्याय, व्हाइल यूझिंग द अ‍ॅप, ओन्ली धिस टाइम, डोन्ट अलाऊ. अख्खं व्याकरण त्या एका ओळीत आहे. अलाऊ, मग कोणाला, मग टू, मग काय करायला. यातला 'कोणाला' गाळायचा नाही. आणि आपण नेमका तोच गाळतो. मेलमधे सर्रास दिसतं, 'धिस टूल अलाऊज टू सेव्ह टाइम'. मराठीत 'या टूलमुळे वेळ वाचवता येतो' म्हणताना कोणाला वाचवता येतो हे सांगत नाही ना, म्हणून इंग्रजीतही जागा रिकामी राहते. तिथं कोणीतरी बसवा, अलाऊज अस टू सेव्ह टाइम, अलाऊज यूझर्स टू सेव्ह टाइम. एक दिलासा म्हणून सांगते, फ्रेंच लोक इंग्रजी लिहिताना हीच चूक करतात, कारण त्यांच्याही भाषेत तिथं माणूस लागत नाही.

माणूस बसवायचाच नसेल तर क्रियापदाला आयएनजी लावा. दे डोन्ट अलाऊ पार्किंग हिअर. द सोसायटी डझन्ट अलाऊ ड्रायिंग क्लोद्ज ऑन द टेरेस. म्हणजे अलाऊच्या मागे माणूस असला तर टू, माणूस नसला तर आयएनजी, आणि अलाऊला लागूनच टू असं साध्या वाक्यात कधीच नाही. पॅसिव्हमधे अलाऊड टू येतं कारण तिथं माणूस आधीच पुढे जाऊन बसलेला असतो, वी आर नॉट अलाऊड टू पार्क हिअर. हाच नियम परमिटलाही लागू.

पाट्यांवरचं इंग्रजी मात्र कॉपी करू नका. 'आउटसाइड फूड नॉट अलाऊड' ही पाटी आहे, पाटीला जागा कमी असते म्हणून इज गाळलेलं असतं. तुम्ही वाक्य बोलताय तर 'आउटसाइड फूड इजन्ट अलाऊड'. आणि 'इट इज नॉट अलाऊड टू स्मोक हिअर' हे कानाला खटकतं, नेटिव्ह माणूस असं म्हणत नाही, तो 'स्मोकिंग इजन्ट अलाऊड हिअर' म्हणेल किंवा 'यू कान्ट स्मोक हिअर'. परमिटचं मात्र 'इट इज नॉट परमिटेड टू' नियमावलीत चालतं. असं का तर असंच, वापरानं ठरलंय.

आता मघाशी दूध उतू जाऊ दिलं म्हटलं ना, ते बघू, कारण इथं खरा अर्थाचा फरक आहे. लेट आणि अलाऊ दोघांनाही 'परवानगी दिली' याशिवाय 'अडवलं नाही, होऊ दिलं' असा दुसरा अर्थ आहे. ही लेट द मिल्क बॉइल ओव्हर, यात कोणी दुधाला परवानगी दिली नाही, लक्ष नव्हतं एवढंच. लेट द टी कूल, चहा निवू दे. रेसिपीत 'अलाऊ द डो टू रेस्ट', कणीक मुरू द्या. इथं परमिट लिहिलंत तर लोक हसतील, कारण परमिट म्हणजे अधिकार असलेल्या कोणीतरी हो म्हटलंय, आणि कणकेला अर्ज करावा लागत नाही. तेव्हा निर्जीव वस्तू, हवा, वेळ, निष्काळजीपणा असं काही असेल तर लेट किंवा अलाऊ. अपवाद काही ठरलेल्या वाक्प्रयोगांचा, जसं 'वेदर परमिटिंग', हवामानानं साथ दिली तर, ते तसंच्या तसं वापरायचं.

अलाऊचा वेळेशी आणि पैशाशीही संबंध आहे. 'प्लीज अलाऊ सेव्हन डेज फॉर डिलिव्हरी' म्हणजे सात दिवस धरून चाला. आणि त्याचं नाम अलाऊअन्स हे आपल्याला पगाराच्या स्लिपवरून माहितीये, डीए म्हणजे डिअरनेस अलाऊअन्स, महागाई भत्ता. परवानगीसाठी अलाऊअन्स वापरत नाहीत, परवानगीचं नाम परमिशनच. 'प्लीज गिव्ह मी अलाऊअन्स टू गो' लिहिलंत तर साहेबांना वाटेल प्रवासभत्ता मागतोय.

कोर्टात अलाऊचा अर्थ अजून थोडा सरकतो. बातमीत येतं 'अपील अलाऊड', आणि बऱ्याच जणांना वाटतं की अपील करायची परवानगी मिळाली. तसं नाही, अपील मान्य झालं, अपील करणारा जिंकला. अपील करायच्या परवानगीला तिथं वेगळाच शब्द आहे, लीव्ह. सुप्रीम कोर्टातल्या एसएलपीचं पूर्ण नाव स्पेशल लीव्ह पिटिशन, घटनेच्या कलम 136 खाली, आणि त्यातली लीव्ह म्हणजे रजा नाही, अपील करण्याची खास परवानगी. खरं तर आपली ऑफिसची लीव्हही तीच, गैरहजर राहण्याची परवानगी. म्हणून तर लीव्ह 'ग्रँट' होते किंवा 'सँक्शन' होते, अलाऊ होत नाही.

परमिटबद्दल महाराष्ट्रात वेगळं सांगायला नको, परमिट रूमच्या पाट्या रोज दिसतात. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याखाली पिणाऱ्याकडे परमिट लागतं, तिथून हे नाव आलं. रिक्षाचं परमिट, टुरिस्ट परमिट, सगळीकडे कागद आहे, शिक्का आहे, देणारं ऑफिस आहे. क्रियापदालाही तोच वास आहे. 'माय मदर डिडन्ट परमिट मी टू गो टू द पार्टी' व्याकरणात बरोबर आहे, पण आई आरटीओत असल्यासारखी वाटते. आईला लेट. उलट 'कँडिडेट्स विल नॉट बी परमिटेड टू एंटर आफ्टर नाइन' हे हॉल तिकिटावर शोभतं. उच्चारात एक लक्षात ठेवा, कागद असेल तर जोर प वर, क्रियापद असेल तर जोर मिट वर. स्पेलिंगमधे परमिटेड आणि परमिटिंगला टी डबल, एम एकच.

आता या सगळ्यातलं माझं सगळ्यात लाडकं उदाहरण. तुमचा पासपोर्ट उघडा. आत राष्ट्रपतींच्या नावानं एक विनंती छापलेली असते, तीत आहे 'टू अलाऊ द बेअरर टू पास फ्रीली विदाउट लेट ऑर हिंडरन्स'. पहिला भाग अगदी पुस्तकी, अलाऊ, कोणाला तर बेअररला, टू, पास. पण पुढचं विदाउट लेट? लेट म्हणजे जाऊ देणं, मग जाऊ न देता जाऊ द्या? तर हा लेट वेगळा. जुन्या इंग्रजीत दोन वेगळी क्रियापदं होती, एकाचा अर्थ सोडणं, होऊ देणं, दुसऱ्याचा अडवणं, आणि काळाच्या ओघात दोघांचा आवाज एक झाला. अडवणारा लेट पुढे मेला, फक्त अशा ठरावीक वाक्प्रयोगात राहिला. टेनिसमधे सर्व्हिस नेटला लागून पलीकडे योग्य चौकटीत पडली की अंपायर लेट म्हणतो आणि सर्व्हिस परत घ्यायला लावतो, तोही बहुतेक हाच अडथळ्याचा लेट. शेक्सपिअरच्या हॅम्लेट नाटकात हॅम्लेट भुताच्या मागे जायला निघतो आणि मित्र धरून ठेवतात, तेव्हा म्हणतो मला जो लेट करेल त्याचंच भूत करीन. तिथं 'जाऊ देईल त्याचं' असा अर्थ लावला तर अख्खा प्रसंग उलटा होतो. रोजच्या कामात याचा उपयोग शून्य, पण व्हिसाच्या रांगेत वाचायला छान आहे.

ऑफिसात लेट चालतं का? चालतं, अगदी बिनधास्त. 'प्लीज लेट मी नो' याच्याइतकं वापरलेलं वाक्य बिझनेस मेलमधे दुसरं नसेल, सीईओला लिहा नाहीतर क्लायंटला. टेक्निकल डॉक्युमेंटमधेही आजकाल साधं लिहायचा कल आहे, 'धिस फीचर लेट्स यू एक्सपोर्ट द रिपोर्ट'. तिथं लोक सवयीनं एनेबल्स यू टू लिहितात, तेही बरोबर, फक्त एनेबल म्हणजे शक्य करून देणं, त्यात कोणाची हरकत आहे नाही हा मुद्दाच नाही. लिफ्टमुळे व्हीलचेअरवरच्या माणसाला वर जाता येतं, तिथं एनेबल. वॉचमन वर सोडतो, तिथं लेट. आणि अधिकार लेखी दिलाय असं दाखवायचं असेल तर ऑथराइज, सह्या करायचा अधिकार ज्याला दिलाय तो ऑथराइज्ड सिग्नेटरी. अप्रूव्हबद्दल एवढंच की 'शी अप्रूव्ह्ड माय लीव्ह' म्हणजे रजा मंजूर केली, आणि 'शी डझन्ट अप्रूव्ह ऑफ माय फ्रेंड्स' म्हणजे तिला माझे मित्र पसंत नाहीत. हा एका एफचा ऑफ लागला की फाइल संपली आणि मत सुरू झालं. सँक्शन जरा जपून वापरा, आपल्याकडे लोन सँक्शन झालं की पेढे वाटतात, पण परदेशी बातमीत एखाद्या देशावर सँक्शन्स लावल्या म्हणजे निर्बंध घातले. परदेशातल्या क्लायंटला 'युअर बजेट इज सँक्शन्ड' लिहू नका, अप्रूव्ह्ड लिहा.

परमिशन शब्दाबद्दलही आपली एक खास सवय आहे, परवानगी घेणे म्हणून 'टेक परमिशन'. आय विल टेक परमिशन फ्रॉम माय मॅनेजर. भारतात सगळ्यांना कळतं, इथल्या इथं बोलत असाल तर मी कोणाला टोकत नाही. पण लंडनच्या टीमशी बोलताना 'आय विल आस्क माय मॅनेजर फॉर परमिशन' किंवा मिळाल्यावर 'आय गॉट परमिशन' म्हणा. 'अ परमिशन' नको, परमिशन मोजत नाहीत. मोबाइलच्या आणि कॉम्प्युटरच्या परमिशन्स मोजतात, ते वेगळं. आणि परमिशनच्या मागे क्रियापद आलं तर टू, परमिशन टू लीव्ह, 'परमिशन फॉर लीव्हिंग' नाही.

मागताना कॅन, कुड, मे. शाळेच्या दारात उभं राहून 'मे आय कम इन सर' म्हटल्याशिवाय आपल्याला वर्गात घेतलं नाही, त्यामुळे मे म्हणजेच सभ्य आणि कॅन म्हणजे उद्धट हे पक्कं बसलंय. आता तसं राहिलेलं नाही. 'कॅन आय जॉइन टेन मिनिट्स लेट?' पूर्ण ठीक आहे, जास्त अदबीनं हवं तर कुड. पण कुडची एक मेख आहे, कुडनं परवानगी मागता येते, देता येत नाही. कोणी विचारलं 'कुड आय लीव्ह अर्ली?' तर उत्तर 'येस, यू कुड' नाही, 'येस, यू कॅन', किंवा नुसतं शुअर, ऑफ कोर्स, गो अहेड. यू कुड म्हटलं तर सूर लागतो की जाऊ शकतोस म्हणा, पण... असा. तसंच 'यू मे' हे बरोबरीच्या माणसाला म्हटलं तर वर बसून आशीर्वाद दिल्यासारखं वाटतं, ते टाळलेलंच बरं.

भूतकाळात अजून एक सूक्ष्म गोष्ट. हॉस्टेलला असताना नऊपर्यंत बाहेर राहता यायचं, ही नेहमीची मुभा, 'वी कुड स्टे आउट टिल नाइन' चालेल. पण काल रात्री रेक्टरनी एकदाच दहापर्यंत बाहेर राहू दिलं आणि आम्ही राहिलो, तिथं 'यस्टर्डे वी कुड स्टे आउट टिल टेन' चुकतं. एका वेळची, प्रत्यक्षात वापरलेली परवानगी असेल तर 'वी वर अलाऊड टू' किंवा 'द रेक्टर लेट अस'. नकारार्थी असेल तर मात्र काही भेद नाही, कुडन्ट दोन्हीकडे चालतं. भविष्यकाळात 'विल कॅन' होत नाही म्हणून 'विल बी अलाऊड टू', नेक्स्ट इअर वी विल बी अलाऊड टू वर्क फ्रॉम होम.

नाही म्हणायच्या क्रियापदांचं पटकन सांगते. प्रोहिबिट, प्रिव्हेंट, स्टॉप यांच्या मागे माणूस, मग फ्रॉम, मग आयएनजी, दे स्टॉप्ड मी फ्रॉम एंटरिंग. फॉरबिड एकटा टू घेतो, ही फॉरबेड मी टू गो, पण बोलण्यात तो शब्द फार पुस्तकी वाटतो, त्यापेक्षा 'ही डिडन्ट लेट मी' म्हणून मोकळं व्हा.

आणि सगळ्यात जास्त गोंधळ जिथं होतो ते 'डू यू माइंड इफ'. शेजारच्या सीटवरचा गोरा माणूस विचारतो, डू यू माइंड इफ आय ओपन द विंडो? आपल्या डोक्यात ते 'खिडकी उघडू का?' असं पोचतं आणि आपण हसून मान डोलावत म्हणतो येस, येस. त्यानं विचारलं होतं तुमची हरकत आहे का, आणि तुम्ही म्हणालात हो, आहे. तो बिचारा हात मागे घेतो आणि तुम्ही विचार करत बसता की याला नक्की उघडायची होती का नव्हती. परवानगी द्यायची असेल तर 'नो, नॉट अ‍ॅट ऑल', आणि तेवढं ऐन वेळी सुचत नसेल तर येस नो दोन्हीच्या भानगडीत न पडता सरळ 'गो अहेड'.